सीट मागेच राहू दे

भर उन्हात माझ्या गाडीचे वायपर चालू झाले आणि बंद होईनात.

गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडच्या नाक्याजवळ, एका ढाब्याच्या कडेला गाडी उभी होती. दिवाळी नुकतीच सरली होती, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. हर्षदा, माझ्या भावाची मुलगी, चहा सांगायला उतरली होती. आणि मी उगाचच शेजारची सीट सोडून स्टिअरिंगपुढे जाऊन बसले होते. गाडी माझीच होती की. आठवड्यापूर्वी घेतलेली, छोटीशी, चिकूच्या सालीच्या रंगाची. साठी उलटल्यावर बाईने गाडी घेतली तर निदान तिच्यात बसून तरी पाहावं...

किल्ली फिरवली. डावीकडचा दांडा जरा हलवला, उजवीकडचा जरा हलवला. वायपर कोरड्या काचेवर करकर करत नाचू लागले. मग काचेवर पाणी उडालं. मग गाडी पीं-पीं करू लागली. काय दाबलं की काय थांबेल ते कळेना. ढाब्यावरचे ट्रकवाले चहाचे ग्लास हातात धरून बघायला लागले.

"बाय, पाऊस कुठं दिसला तुम्हाला?"

खिडकीशी कोणीतरी वाकलं होतं. मी वर पाहिलंच नाही, लाजच इतकी वाटत होती. खिडकीतून एक हात आत आला, सावळा, शिरा उठलेला, कोपरापर्यंत बाही दुमडलेला. त्या हाताने दांडा खाली केला. वायपर थांबले. मग त्याच हाताने दोन बोटांत आरसा धरला आणि हलकेच वळवला.

"आणि हा आरसा कुंकू लावायला नसतो. मागचा रस्ता बघायला असतो."

तो आवाज मी ओळखला असता की नाही, सांगता येत नाही. आवाज वयाबरोबर जाड होतात. पण आरसा वळवायची ती रीत... अंगठा खाली, बोट वर, जणू आरशाला हनुवटी आहे आणि ती हळूच उचलायची आहे. जगात ती एकाच माणसाची होती.

मी मान वर केली.

तो माझ्याकडे बघत राहिला. केस पांढरे झाले होते, मिशी गेली होती. डोळे तेच, उन्हात बारीक केलेले.

"नर्सबाई?" तो म्हणाला.

"झरीची गाडी..." मी म्हणाले.

"झरीची गाडी," तो म्हणाला. "नविन."

जणू मला नाव सांगायची गरज होती.

---

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका आरशावरून एवढं काय.

बावीस वर्षांची मी, झरीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून लागले होते. घर कोसबाडला. सकाळी एसटीने जायचं आणि संध्याकाळी तलासरीहून येणाऱ्या गाडीने परतायचं. ती गाडी नविन चालवायचा. गावाचा थांबा पुढे होता, चांगला लांब. पण उपकेंद्राच्या खाली वळणावर एक मोह होता, जुना, रुंद बुंध्याचा. खांद्याला लसींची पेटी अडकवून मी चालत थांब्याकडे निघालेली असायचे. एका संध्याकाळी गाडी त्या मोहाखालीच थांबली. दार उघडलं. मी चढले. दुसऱ्या दिवशीही थांबली. मग रोजच थांबू लागली.

"इथे थांबा नाहीये," मी एकदा म्हणाले.

"पेटीत बर्फ असतो ने," तो समोर बघत म्हणाला. "वितळेल."

परतीच्या पेटीत बर्फ कुठला असायला? सकाळचा बर्फ दुपारीच पाणी झालेला असायचा. हे त्यालाही ठाऊक असावं.

मी दाराजवळच्या सीटवर बसायचे. ड्रायव्हरच्या डोक्यावर तो मोठा आरसा असतो, आतली माणसं दिसावीत म्हणून. माझं तिकीट फाडून झालं की तो दोन बोटांनी आरसा जरासा खाली करायचा. जरासाच. बाबल्या म्हणून कंडक्टर होता, मोठा वात्रट. तो मागून ओरडायचा, "नविनदा, आरसा पार खाली गेला, मागची माणसं दिसतात का तुला?"

"दिसायला पायजेत तेवढी दिसतात," नविन म्हणायचा.

मी खिडकीबाहेर बघायचे. गवताच्या गंज्या, ताडाची झाडं, शेंबडी पोरं... सगळं नीट बघायचे. आणि मानेवर ऊन पडल्यासारखं वाटायचं.

बस, एवढंच. बोललो म्हणावं तर मोजून चार वाक्यं. त्याच उन्हाळ्यात त्याची बदली लांबच्या डेपोला झाली. नवा ड्रायव्हर आला, तो मोहाखाली थांबला नाही. मी थांब्यापर्यंत चालत जाऊ लागले. पुढे माझं लग्न झालं, डहाणूच्याच एका शिक्षकाशी. माणूस भला होता, संसारही भला झाला. ते गेले, आणि मी पुन्हा कोसबाडच्या घरी येऊन राहिले. आयुष्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोहाला फुलं आली की त्या वासाने मला कुठेतरी उशीर होतोय असं वाटायचं... एवढं मात्र दरवर्षी.

---

"शिकवणार कोण आहे यांना?" ढाब्याच्या बाकावर बसून नविनने हर्षदाला विचारलं. बोट माझ्याकडे होतं, डोळे गाडीकडे.

"मी शिकवते ना काका. पण आत्या ऐकतच नाही. क्लच सोडते ते एकदम, चप्पल काढल्यासारखी."

"मी चप्पलसुद्धा हळू काढते," मी म्हणाले.

"मी येतो," नविन म्हणाला. "रिकामाच असतो. तलासरीहून सकाळची गाडी धरतो, तासभर शिकवतो, जातो."

"एसटी आणि ही, फरक आहे," मी म्हणाले.

"आहेच. एसटी माझं ऐकायची."

हर्षदा हसली. तिला उंबरगावच्या कंपनीत रोज पहाटे जायचं असायचं, तिला बरंच वाटलं. मी चहा प्याले. साखर घातली होती की नव्हती, आठवत नाही.

तो खरंच आला. बुधवारी, सकाळी. इस्त्रीचा सदरा, पायात बूट, आणि केसांना तेल. मी दारातून पाहिलं आणि आत जाऊन साडी बदलून आले.

पहिल्या दिवशी गाडी जागची हललीच नाही. तो म्हणाला, आधी बसायला शिका. सीटखाली एक दांडी असते, ती उचलली की सीट खटखट करत पुढे-मागे सरकते. त्याने मला पार पुढे आणलं.

"पाय पोचला?"

"पोचला."

"क्लच पूर्ण दाबा. गुडघा सरळ नाय व्हायला पायजे. आता पाठ टेकवा. टेकवा ने, गाडी चावत नाय."

मग बाहेरचे आरसे. मग स्टिअरिंग खाली घेतलं. मग सीटची उंची, कारण मला बॉनेट दिसत नव्हतं, फक्त आभाळ दिसत होतं. प्रत्येक गोष्टीला खटका होता, बटण होतं. काही बटणं त्यालाही ठाऊक नव्हती. पट्टा लावला नाही की गाडी का ओरडते, हे त्याला पटायचंच नाही.

"पन्नास माणसं घेऊन घाट उतरलो, कोण ओरडलं नाय. ही कोण मला सांगणारी?"

"पट्टा लावा," मी म्हणायचे.

"लावतो. तुम्ही सांगितलं म्हणून लावतो. हिने सांगितलं म्हणून नाय."

असं बोलायचा. आणि मी गिअर शोधत बसायचे.

शिकवून झालं की शेवटी तो स्वतः एक फेरी मारायचा, कोसबाडची टेकडी उतरून झरीच्या बाजूला थोडं. "गाडी कशी चालते ते बघतो," म्हणायचा. त्याचे पाय लांब. तो बसायच्या आधी सीट पार मागे न्यायचा, शेवटच्या खटक्यापर्यंत. आरसा वर करायचा. आणि गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी बसले की पाय हवेत, आरशात नुसतं छप्पर. मला आधी राग यायचा. "निदान माझी सीट तरी जागेवर ठेवून जात जा," मी एकदा म्हणाले.

"तुम्हाला रोज नव्याने लावायला नको का शिकायला?"

"हे कारण आहे?"

"नाय," तो म्हणाला. "पण चांगलं वाटलं ने?"

एकदा हर्षदाने त्याचा फोन गाडीला जोडून दिला. त्यात तारपा होता. झरीच्या नाचाच्या वेळी त्याने स्वतः भरून घेतलेला, मध्ये पोरांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं. गाडी सुरू झाली की तो फोन आपोआप जोडला जायचा आणि तारपा सुरू. भोपळ्यातून निघणारा तो भरीव, लांब सूर त्या एवढ्याशा गाडीत मावायचा नाही. मला तो गाण्याहून आवडायला लागला.

"तुमचा फोन जोडा ने त्याला," नविन म्हणाला. "तुमची गाडी आहे."

"असू दे," मी म्हणाले. "मला दुसरं काही ऐकायचं नाही."

हे बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. त्यालाही कळलं असावं. वळणावर त्याने उगाच हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

आमच्याकडे नवी गाडी डहाणूच्या महालक्ष्मीला नेतात. हर्षदा कधीची मागे लागली होती, मी नेते म्हणून. पण मी ठरवलं होतं, माझी गाडी मी चालवत नेणार. नविनला सांगितलं तर म्हणाला, "न्या. शेजारी मी बसतो. नारळ मी धरीन. तुम्ही नुसता रस्ता धरा."

"शब्द?"

"शब्द."

---

पौषातली सकाळ होती. झाडांच्या शेंड्यांवर अजून धुकं होतं. मी चांगली चालवायला लागले होते, तिसऱ्या गिअरपर्यंत. परतीची फेरी तो चालवत होता. मी शेजारी. आज तो जरा गप्प होता. तारप्याचा सूर चालू होता. झरी जवळ आली. रस्ता वळला.

आणि गाडी थांबली.

रस्त्यात कोणी नव्हतं. गुरं नव्हती, खड्डा नव्हता. त्याने ब्रेक दाबला, गिअर काढला आणि समोर बघत बसून राहिला, हात स्टिअरिंगवर. अगदी थांब्यावर माणसं चढायची वाट बघावी तसा.

डावीकडे मोह होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अजून समोरच बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं आपण कुठे आहोत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, या वयातही होतात, मला ठाऊक नव्हतं.

"पाय आपोआप..." तो म्हणाला.

"इथे थांबा नाहीये," मी म्हणाले.

"नव्हताच कधी."

"बर्फ वितळेल म्हणून?"

तो हसला नाही. दोन बोटं आरशापर्यंत गेली, आणि तिथेच थांबली. मी शेजारीच बसले होते. आरशात बघायची गरजच नव्हती. तरी तो सरळ माझ्याकडे बघू शकला नाही, आणि मीही नाही.

एसटीत कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. मी हळूच म्हणाले, "टण... टण."

त्याने गिअर टाकला.

माझ्या फाटकाशी गाडी लावून तो म्हणाला, "तुषार सुरतेला बोलावतोय." तुषार त्याचा मुलगा. बायको मागेच गेली होती. "तिथं घर मोठं घेतलंय. सून नोकरीला जाते. नात लहान आहे. म्हणतो, तलासरीत एकटे काय करता, घर बंद करा आणि या."

"मग?"

"मग काय. रविवारी निघतो."

मी पदर नीट केला. अशा वेळी बायका जे म्हणतात तेच म्हणाले. "जा ना. नातवंडांजवळ असावं. बरं असतं ते."

"बरं असतं," तो म्हणाला.

तो काहीतरी ऐकायची वाट बघत होता असं मला तेव्हाही वाटलं. पण जाणाऱ्या माणसाला मुलाच्या घरी जाऊ नका, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी त्याची कोण? नर्सबाई.

"सेटिंगमधून माझा फोन काढून टाका," उतरताना तो म्हणाला. "हर्षदाला सांगा, ती काढेल."

"काढेन."

"आणि सीट पुढे घ्या. मी आज पार मागे नेली आहे."

"घेईन."

तो फाटकातून गेला. मी तशीच जाऊन स्टिअरिंगपुढे बसले. पाठ टेकली. पाय हवेत. आरशात छप्पर. सीटला अजून त्याच्या अंगाची ऊब होती, सकाळ थंड होती म्हणून ती बराच वेळ राहिली.

---

गाडी चालवायची तर सीट पुढे घ्यावीच लागते. मी घेत होते. बाजारात जात होते, डहाणूला जात होते, एकदा तर सुरूच्या बनापर्यंत जाऊन एकटीच समुद्र बघून आले. पण घरी येऊन गाडी लावली की, उतरायच्या आधी, मी सीटखालची दांडी उचलायचे आणि सीट पुन्हा मागे ढकलायचे. शेवटच्या खटक्यापर्यंत. आरसा वर. म्हणजे सकाळी दार उघडलं की वाटायचं, काल संध्याकाळी तोच चालवून गेलाय.

वेडेपणा होता. पण कोणाला त्रास नव्हता.

हर्षदाने एका रविवारी गाडी धुवायला काढली. आत डोकावली आणि म्हणाली, "आत्या, ही गाडी चालवतं तरी कोण? तुझे पाय पोचतात का इतके?"

"सीट मागेच राहू दे," मी म्हणाले.

"अगं पण..."

"राहू दे म्हटलं ना."

तिने बादलीतलं पाणी टायरवर ओतलं. मग म्हणाली, "आणि तो काकांचा फोन? काढून टाकू? दोन बटणं आहेत नुसती."

"काढशील," मी म्हणाले, "नंतर."

त्या फोनचं असं होतं की मी किल्ली फिरवली की पडद्यावर एक बारीक गोल फिरू लागायचा. गाडी त्याला शोधायची. रोज. गोल फिरायचा, फिरायचा... आणि मग इंग्रजीत अक्षरं यायची, फोन सापडला नाही. गाडीत शांतता. मग मी निघायचे. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की तो सुरतेला गेलाय. आणि सांगणार तरी कसं?

शेजारच्या सीटवर एकदा चिकूंची पिशवी ठेवली. जड होती. गाडी लगेच पीं-पीं करू लागली. तिला वाटलं तिथे कोणी बसलंय, पट्टा न लावता. मी रस्त्याच्या कडेला थांबले, वाकून चिकूंना पट्टा लावला. गाडी गप्प झाली.

"तुम्ही सांगितलं म्हणून लावतो," मी चिकूंना म्हणाले. हसू आलं. मग पुढचा रस्ता जरा धूसर दिसला. काच साफ होती.

त्याचा फोन येत नव्हता असं नाही. होळीला आला होता. कशा आहात, बरी आहे, गाडी कशी आहे, बरी आहे. सुरतेला होळीत मजा नाही, म्हणाला, आपल्याकडच्यासारखा नाच नाही. मागे टीव्हीचा आवाज, पोरीचं रडणं. मी म्हणाले, जपा. तो म्हणाला, तुम्हीपण. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातातच धरून बसले होते.

मोह फुलला. झरीवरून जाताना उघड्या खिडकीतून वास आत आला, गोड, जरासा आंबूस, डोक्यात चढणारा. झाडाखाली बायका टोपल्या घेऊन पहाटेची पडलेली फुलं वेचत होत्या. मी गाडी हळू केली. थांबवली नाही. एकटीने काय थांबायचं.

पण त्या वासाबरोबर ते दरवर्षीचं वाटणं आलं, कुठेतरी उशीर होतोय. आणि यंदा मला पहिल्यांदा कळलं की उशीर अजून झालेला नाही. होतोय. झाला आणि होतोय यात फरक असतो.

त्या संध्याकाळी तुळशीजवळ दिवा लावला आणि फोन लावला.

"हॅलो?"

"मी बोलतेय."

"कोण, नर्सबाई? गाडी बंद पडली?"

"गाडी चांगली आहे. एक सेटिंग जमत नाहीये."

"कुठलं?"

"रोज सकाळी ती तुम्हाला शोधते."

तिकडे टीव्ही चालू होता. मग तो बंद झाला, किंवा तो दुसऱ्या खोलीत आला.

"फोन काढून टाका म्हटलं होतं ने मी."

"काढता येत नाही."

"हर्षदाला सांगा. दोन बटणं आहेत."

"बटणं सापडतात हो," मी म्हणाले. "काढता येत नाही."

माझ्या छातीत क्लच चुकल्यासारखे धक्के बसत होते. पण गाडी एकदा हलली की थांबवायची नाही, हे त्यानेच शिकवलेलं.

"तिला काय सांगू?" मी विचारलं. "रोज विचारते."

"गाडी विचारते?"

"गाडीच."

मग मीच म्हणाले, "महालक्ष्मीला जायचं राहिलंय. जत्रेची गर्दी व्हायच्या आत जाऊन येते. रविवारी सकाळी निघेन. आधी मोहाखाली थांबणार आहे थोडा वेळ."

"तो रस्ता उलटा पडतो महालक्ष्मीला."

"माहीत आहे."

तो काहीतरी म्हणणार होता. मागून नातीने "आजोबा" अशी हाक मारली. तो एवढंच म्हणाला, "क्लच पूर्ण दाबायचा. अर्धवट नाय." आणि फोन ठेवला.

येतो म्हणाला नाही. नाही येत असंही म्हणाला नाही.

---

रविवारी हर्षदा उठायच्या आत मी निघाले. हिरवी साडी नेसले होते, तीच, जिच्यावर त्याने एकदा "भाताच्या रोपासारखी" असं काहीतरी म्हटलं होतं आणि मग खोकला आल्याचं सोंग केलं होतं. नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ मागच्या सीटवर. शेजारची सीट रिकामी ठेवली.

मोहाखाली गाडी उभी केली. वेचणाऱ्या बायका येऊन गेल्या होत्या, तरी एखादं फूल अजून पडत होतं. टप्... बॉनेटवर. टप्... काचेवर. गुबगुबीत, पिवळसर, दवाने ओलं. मी इंजिन चालूच ठेवलं. पडद्यावर गोल फिरला, फिरला, आणि अक्षरं आली. फोन सापडला नाही.

बरं.

ऊन झाडाच्या बुंध्यापर्यंत आलं. समोरून, तलासरीकडून, एक एसटी आली. ती थांबली नाही. धूळ उडवत तशीच माझ्या मागे निघून गेली, गावाच्या थांब्याकडे. खिडकीत कोण होतं, दिसलं नाही.

किल्ली बंद केली. बऱ्याच वेळाने पुन्हा फिरवली. गोल. सापडला नाही.

मी स्वतःला समजावलं, बाई, तुला सांगायचं होतं ते सांगून झालंय. आता नारळ मांडीवर घे आणि जा. देवी वाट बघते. झाडाखाली बसून तरुण होता येत नाही. मी पट्टा ओढला. आरसा नीट करायला हात वर नेला...

आणि तारपा वाजू लागला.

मोठ्याने, अचानक, गाडीभर. तो भरीव सूर, पोरांचे आवाज, ते कुत्रं. मी पडद्याकडे पाहिलं. गोल थांबला होता. नविन, एवढंच लिहून आलं होतं.

मी मागे वळले नाही. आरसा हातातच होता, अंगठा खाली, बोट वर. हलकेच वळवला. मागचा रस्ता दिसला, आणि त्यावरून एक पांढऱ्या केसांचा माणूस हातात पिशवी घेऊन थांब्याकडून चालत येत होता. घामाघूम. सदऱ्याची इस्त्री मोडली होती.

तो आला. दार उघडलं. बसला. धाप लागली होती.

"ड्रायव्हरला सांगितलं, वळणावर सोड," तो म्हणाला. "म्हणतो, काका, इथे थांबा नाय."

"बरोबर आहे त्याचं."

"शिस्तीचा आहे. आमच्या वेळी असं नव्हतं."

"तुमच्या वेळी बर्फ होता."

तेव्हा तो हसला. आणि सरळ माझ्याकडे बघून हसला, आरशात नाही.

"सुरतेला परत कधी?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"तुषारला सांगून आलोय. नातीला भेटायला महिन्यातून जाईन. राहायला तलासरी बरी." त्याने पिशवी पायाशी ठेवली. "म्हणालो, एक शिकवणी अर्धी राहिलीय."

"मी शिकले आता. एकटी डहाणूला जाते."

"शिकला असाल तर थोडं विसरा."

एक फूल काचेवर पडलं आणि घसरत खाली आलं. वायपर लावायचं मला सुचलं नाही.

गाडी पीं-पीं करू लागली. त्याने निमूट पट्टा ओढला, खटका बसला.

"कोणी सांगितलं म्हणून?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हळूच, चव घेतल्यासारखं, "निर्मला."

मी क्लच पूर्ण दाबला. अर्धवट नाही. गिअर टाकला. त्याने मागे हात करून नारळ घेतला, मांडीवर धरला. मग वर पाहिलं.

"तुझा आरसा चुकलाय. पार माझ्याकडे वळलाय. मागचा रस्ता कसा दिसणार?"

"दिसायला पाहिजे तेवढं दिसतं," मी म्हणाले. "मोठा रस्ता लागला की नीट करेन."

त्याने दोन बोटांच्या पेरांनी डॅशबोर्डवर ठोकलं.

टण. टण.